आधी भरून ठेवायची पानं

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीत उन्हात घातलेले अभ्रे उलटे करत होते. ऊन कसलं, समोर अजिंक्यताऱ्यावरून धुकं इतकं खाली उतरलं होतं की तिथं किल्ला आहे की नाही, अशी शंका यावी. फोनवर तिची भाची मेधा होती. आत्या सकाळी गेली, एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हटलं. बरं... असं कुणी म्हणतं का? पण मला दुसरा शब्दच सापडला नाही. मग मी उरलेले अभ्रेही उलटे केले.

सत्तरचं दशक अर्धंअधिक सरलं असताना कुमुद आणि मी पुण्यातल्या एका संगणक केंद्रात एकाच दिवशी रुजू झालो. ती सांगलीची, हायस्कुलातल्या मास्तरांची मुलगी. मी साताऱ्याची. शनिवारी दुपारी आम्ही एकाच एसटीत बसायचो. मी साताऱ्याला उतरायची, ती पुढे सांगलीला जायची. आम्ही नेमकं काय काम करतो ते दोन्ही घरांत कुणाला सांगता येत नसे, आणि खरं तर आम्हालाही ते कधी कधी स्वप्नातल्यासारखंच वाटायचं. केंद्रात एकच मोठा संगणक होता, खोलीभर पसरलेला, थंड हवेत गुणगुणणारा. पण त्या एकाच्या पोटात एका वेळी दहा-बारा संगणक नांदत असत. टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला वाटे, हे अख्खं यंत्र माझ्या एकट्याचं आहे. तो नुसता भास असे. अशा भासातल्या यंत्राला आम्ही 'पाहुणा' म्हणायचो. पाहुण्याची स्मृती पानापानांची, पण तो सुरू व्हायचा तेव्हा त्यातली बहुतेक पानं जागेवर नसायचीच. त्यानं एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लावला की काम थांबायचं, साठवणीच्या तबकडीवरून, म्हणजे डिस्कवरून, ते पान उचलून आणायचं, मग पुढे. सुरुवातीचा बराच वेळ अशा अडखळण्यातच जायचा. म्हणून आमच्या प्रमुखांनी आम्हा दोघींवर एक काम सोपवलं. पाहुण्यानं मागायच्या आतच त्याची पानं भरून ठेवणारी आज्ञा तयार करायची. ती कशी द्यायची आणि उत्तरात काय मिळायचं हे कुमुदनं ठरवायचं, आणि त्याप्रमाणे प्रोग्राम मी लिहायचा.

त्या आज्ञेचं बरंचसं रूप खंबाटकीच्या घाटात ठरलं. गाडी चढाला लागली की कुमुद डोळे मिटून घ्यायची. झोपली असं वाटावं, आणि मध्येच तिचा प्रश्न यायचा. पानं भरता भरता कुणी मध्येच थांबवलं तर? मग स्वतःच उत्तर द्यायची, की किती पानं झाली ते आज्ञेनं सांगावं, म्हणजे उरलेलं तिथून पुढे करता येईल. जुन्या प्रिंटआउटच्या पाठकोऱ्या बाजूवर ती हे पेन्सिलीनं लिहून ठेवायची, गाडीच्या हादऱ्यांनी अक्षर नाचायचं. एका शनिवारी सातारा जवळ आलं असताना तिनं विचारलं, "आणि पान आधीच जागेवर असेल तर?" मी म्हटलं, पाहुणा सुरू व्हायच्या आतच आपण भरणार, मग असेल कसं? ती खिडकीबाहेर बघत राहिली. "तरीही," ती म्हणाली, "असलंच तर त्याला हात लावायचा नाही. त्यावर त्यानं काही लिहिलेलं असेल." आणि तेही तिनं लिहून माझ्या हातात दिलं.

ते मी गाळलं. प्रत्येक पान आधी तपासायचं म्हणजे वेळ जायचा, आणि प्रमुखांना काम लवकर आणि चटपटीत झालेलं हवं होतं. विसरले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते.

सांगलीहून एक पाटील नावाचे इंजिनिअर आमच्याकडे येत. मूळचे कडेगावचे, घरचा ऊस, पण यांचा जीव नदीत. वरच्या धरणातून किती पाणी सुटलं तर सांगलीत कृष्णा किती चढेल, याचं ते गणित मांडत होते. पावसाळ्याआधी तक्ते तयार हवे होते. संध्याकाळी ते आपलं भासातलं यंत्र आहे तसं थोपवून ठेवायचे आणि सकाळी तिथूनच पुढे सुरू करायचे. असे अकरा दिवस झाले होते. बाराव्या सकाळी आम्ही माझी आज्ञा पहिल्यांदा चालू केली. तिनं इमानानं काम केलं. तबकडीवरची पहिल्या दिवशीची पानं आणून पाटलांच्या आधीच जागेवर असलेल्या, लिहिलेल्या पानांवर पसरून दिली. अकरा दिवस पुसले गेले. पाटील कागद गोळा करून, काही तक्रार न करता सांगलीला निघून गेले. आपलंच बोट चुकलं, असं त्यांना वाटलं होतं.

कुमुदनं माझा प्रोग्राम उघडला आणि जिथं ती तपासणी असायला हवी होती तिथं बोट ठेवलं. रागावली नाही. फक्त म्हणाली, "शनिवारी साताऱ्याला उतरू नकोस. तिकीट सांगलीपर्यंत काढ."

पाटलांच्या घरी पडवीत ओल्या शेंगांचा ढीग पसरला होता. आम्हाला बघून ते गडबडून उठले. काही विचारायच्या आत तेच सांगू लागले, की माझंच कायतरी चुकलं आसंल, वरच्या साहेबांना बी मी तसंच सांगून टाकलंय, आता हे काम दुसऱ्याकडं जाईल. कुमुद म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. चूक आमची आहे."

आमची... मी फरशीकडे बघत होते. त्या एका शब्दाआड मला आयुष्यभर बसता आलं असतं. कुमुदनं ती जागा माझ्यासाठी करून ठेवली होती, आणि म्हणूनच मला तिथं बसवेना. "माझी," मी म्हटलं. "हिनं लिहून दिलं होतं. मी गाळलं."

पाटलांनी शेंगांचा ढीग बाजूला सारून आम्हाला बसायला जागा केली. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंसा, ताई. आठ रोज झालं, मी सवताला येडा समजत हुतो."

मग आम्ही रजा टाकली आणि त्या पडवीत तीन दिवस बसलो. पाटील त्यांच्या वहीतून नदीचे आकडे वाचायचे, आम्ही ते आळीपाळीनं संगणकात भरायच्या कोडिंग शीटवर उतरवायचो. त्यांच्या बायकोनं आम्हाला शेंगा आणि भाकरी खायला घातली, आणि तुमी दोघी बहिणी हाय का, म्हणून विचारलं. कुमुदनं मान हलवून 'व्हय' म्हणून टाकलं. पाटलांच्या साहेबांना खरं काय ते आम्हीच जाऊन सांगितलं. काम पाटलांकडेच राहिलं, आणि तक्ते पावसाच्या आत पुरे झाले. ती तपासणी मी परत घातली. आज्ञेच्या माहितीपुस्तिकेवर मात्र प्रमुखांनी माझं एकटीचं नाव घातलं. मी भांडायला निघाले तर कुमुदनं अडवलं, म्हणाली, आत मजकूर बरोबर आहे ना, मग झालं. त्यानंतर वर्षभरात आईच्या आजारपणामुळे ती सांगलीला परतली आणि कॉलेजात शिकवू लागली. मी पुण्यातच राहिले, निवृत्तीनंतर साताऱ्याला आले. मधली वर्षं पत्रांत, मग फोनवर गेली.

तेरावा झाल्यावर मी सांगलीला गेले. मेधानं चहा केला आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर दाखवलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं एक आकडा होता. कुमुद रोज दुपारी कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन पाण्याची उंची बघून यायची आणि इथं लिहायची. पाटलांकडच्या त्या तीन दिवसांनंतर कधीतरी सुरू झालं असावं. मला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. एका तारखेनंतर नऊ चौकोन मोकळे होते, ती दवाखान्यात होती तेव्हाचे. त्यानंतर पुन्हा आकडे, पण अक्षर वेगळं.

"आत्यानं जा म्हणून सांगितलं नव्हतं," मेधा म्हणाली. "मीच जाते आता."

मधल्या दिवसांचे आकडे पाटबंधारे कार्यालयातून मिळाले असते, असं मी म्हटलं. मेधानं त्या मोकळ्या चौकोनांवरून बोट फिरवलं. "मिळाले असते. पण ते दिवस आम्ही कुणी नदीवर गेलोच नाही, मावशी. राहू देत तसेच."

मग तिनं चपला घातल्या आणि मला म्हणाली, चला. आम्ही दोघी पुलाकडे निघालो.