साहेबांचा उजवा पाय

तमाम नागरिकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या हिशेब खात्याने हिप-हॉप शिकायला सुरुवात केली आहे. कल्पना साहेबांची. आम्ही त्यांच्यासमोर जरा मोकळं व्हावं, एवढीच त्यांची मनापासूनची इच्छा.

शिकवणारी रिया आमच्या लेकींच्या वयाची. ती म्हणाली, "गुडघे सैल सोडा, डावा पाय पुढे."

सवयीने सगळ्यांच्या पुढे उभ्या असलेल्या साहेबांनी उजवा टाकला. मागोमाग अख्ख्या खात्याने उजवाच टाकला. मला डावं-उजवं चांगलं कळतं, तरी माझा पाय मला न विचारता गेला. मी त्याच्याकडे कुतूहलाने बघत राहिले. कान रियाचं ऐकत होते, मग हा कोणाचं ऐकत होता? आणि आजवर, लग्नाच्या मांडवापासून मतदानाच्या रांगेपर्यंत, हा कोणाकोणाच्या मागे गेला असेल?

रियाने गाणं थांबवलं. आरशात आमची चूक कवायतीसारखी एकसारखी दिसत होती.

"मी चुकलो, ठीक आहे," साहेब हिरमुसून म्हणाले, "पण तुम्ही सगळे कसे चुकलात?"

निवृत्तीला आलेल्या सुलभाताई बोलून गेल्या, "तुम्ही चुकल्यावर आम्ही बरोबर करणं बरं दिसतं का, साहेब?"