दाराच्या कडीएवढी लाल रेघ

गाव सोडलं त्या सकाळी भांडी, शेळ्या, एवढंच काय दाराची चौकटसुद्धा ट्रकात चढली होती, आणि आबा आत भिंत सारवत बसले होते. गावातले तुम्ही बरेचजण त्याच ट्रकात होता, आठवत असेल. पहिल्या पावसाळ्यात धरणाचं पाणी कुठवर चढणार ते दाखवायला मोजणीवाल्यांनी घराघरावर लाल रेघ मारली होती. आमची दाराच्या कडीएवढी. आबा तिच्यावर शेण फासायचे, मोजणीवाले परत मारायचे. आई ट्रकातून म्हणाली, "अवं, आता कुणासाठी सारवताय?"

"जाताना ती रेघ दिसाय नको," आबा म्हणाले.

गारगोटीच्या अलीकडं वसाहत मिळाली. कुदळ मारली की ठिणगी उडावी अशी जमीन. मी शहरात, राजारामपुरीत खोली घेऊन मोजणीचा कोर्स केला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी नोकरी लागली ती थेट हिमाचलात. काम काय, तर हिमनदी मोजायची. बर्फाचं तोंड जिथं असेल तिथल्या खडकावर दरवर्षी ऑइल पेंटनं रेघ मारायची, साल घालायचं. पुढच्या वर्षी बर्फ त्या रेघेपासून मागं सरकलेला आणि मोकळ्या जागेत वितळलेल्या पाण्याचं तळं वाढलेलं. त्याला अडवायला नुसता दगडमातीचा ढीग. मी हे फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं.

आबा म्हणाले, "म्हंजे तूबी रेघाच मारतोस की."

तेव्हा मी हसलो.

दोन हजारनंतर तळं इतकं फुगलं की खालच्या गावातली नदीकाठची घरं हलवायचं ठरलं. डबा आणि ब्रश माझ्याकडंच, म्हणून मी गेलो. एका म्हातारीच्या भिंतीवर रेघ मारली. सकाळी बघतो तर रेघेवर चिखल. साहेब म्हणाले, परत मार. मी मारली. ढीग फुटला असता तर म्हातारी वाचली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. तरी माझी मलाच घाण वाटली. म्हातारी दोन दिवसांनी पोरीकडं निघून गेली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

पुढं एका मे महिन्यात धरण तळाला गेलं आणि आमचं गाव उघडं पडलं. मी सुट्टीवर होतो, आबांना गाडीवरून घेऊन गेलो. छप्पर नव्हतं, जांभ्याच्या भिंती उभ्या होत्या. शेण पाण्यानं कधीच नेलेलं. रेघ मात्र होती.

आबांनी तिच्यावर बोट फिरवलं. "पक्का रंग हुता की."

खाई त्याला खवखवे; मी तिथंच त्यांना म्हातारीचं सगळं सांगून टाकलं.

"मग आलं का पाणी तिच्या घरात?"

"अजून न्हाय. घर रिकामं उभं हाय."

शिव्या घालतील असं वाटलं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते वळले आणि गाळात चरणाऱ्या म्हशींमागं शेण गोळा करायला लागले.

घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मला वसाहत आठवत नाही, हिमाचलातली खोलीही नाही. ती भिंत आठवते. आबा सारवत होते आणि मी ओंजळीनं शेण आणून देत होतो. जूनमध्ये ते परत धुऊन जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.