मापात बसलेला गणवेश

लोकांची घरं रंगवून पोट भरणाऱ्या त्या माणसाला सगळे रंगारीच म्हणत. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण साडूचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं.

रंगाऱ्याच्या बायकोची थोरली बहीण ज्याला दिली होती तो हा साडू. बसचा ड्रायव्हर, पगार महिन्याच्या महिन्याला. दोघांच्या मुली एकाच शाळेत. साडूची ठकी रंगाऱ्याच्या बारकीपेक्षा वर्षाने मोठी. गणवेश शाळेने ठरवून दिलेल्या एकाच दुकानात मिळायचा, आणि त्या किमतीत रंगाऱ्याचं पंधरवड्याचं वाणसामान आलं असतं. म्हणून शाळा सुरू होण्याआधी साडूकडून पिशवी यायची. ठकीला आखूड झालेले शर्ट-स्कर्ट, धुतलेले, इस्त्री केलेले, तुटलेली बटणंसुद्धा लावलेली. वर साडूचं ठरलेलं वाक्य, "आणखी लागलं तर सांगा हं."

रंगारी ते कपडे उजेडात धरून बघायचा. एखादा शाईचा डाग, एखादी उसवलेली शिवण सापडली असती तर जिवाला जरा थंडावा मिळाला असता. पण सापडेल तर शपथ!

"धर्माची गाय अन् दात का गं नाय!" बायको म्हणायची. "द्या इकडे."

'धर्माची' हा शब्द त्याला मिरचीसारखा झोंबायचा.

दोन्ही घरं एकत्र जमली की तो मुलींना पाठीला पाठ लावून उभं करायचा. वरवर गंमत. आत एकच आस, आपली बारकी ठकीच्या वर जावी आणि ती पिशवी एकदाची बंद व्हावी. आपल्या वाटचं दूध तो तिच्या पेल्यात ओतायचा.

आणि एका सुट्टीत बारकी खरंच ताडमाड वाढली. ठकीचा स्कर्ट तिच्या गुडघ्यांच्या वर राहिला. रंगाऱ्याला आनंद मावेना.

"हसताय काय?" बायको म्हणाली. "उंची तिची वाढली, कमाई तुमची कुठं वाढली?"

त्याने रविवारच्या रविवारी एका कारखान्याचं कुंपण रंगवलं आणि लेकीला घेऊन दुकान गाठलं. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे दोन मापं मोठा शर्ट काढला.

"वाढतं अंग आहे. दोन वर्षं बघायला नको."

"अंगासरशी बसणारा द्या. पोर आहे माझी, खुंटी नाही कपडे अडकवायला."

एकदा तरी लेक मापातल्या नव्या कपड्यांत शाळेत जावी आणि ते साडूच्या डोळ्यांत खुपावं, एवढंच त्याला हवं होतं.

सहामाही परीक्षेपर्यंत बारकी त्या कपड्यांतूनही बाहेर आली. बायकोने स्कर्टची दुमड उलगडून पाहिली, तर सोडायला आत कापडच नव्हतं. तिने कपाळावर हात मारला. "खालच्या मजल्यावरची बाई विकत घ्यायला तयार आहे. निदान अर्धे पैसे तरी सुटतील."

"विकायचा नाही. ठकीला बरोबर येईल."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

पण रंगाऱ्याने स्वतः इस्त्री फिरवली, पिशवी भरली आणि तो साडूच्या दारात उभा राहिला. आता याचं तोंड उतरणार! "आणखी लागलं तर सांगा हं," हे वाक्य त्याने ओठांवर तयार ठेवलं होतं.

साडूने पिशवीत डोकावून आत हाक मारली, "अगं, बघ तरी! साडूभाऊंनी ठकीला ड्रेस आणलाय. अगदी कोरा करकरीत! सुटलो, यंदा दुसरा जोड घ्यायला नको!"

ठकी तो घालून नाचत बाहेर आली. "बाबा, हा कमरेवरून घसरत नाही!"

"घसरेल कसा? आम्ही तुला नेहमी पोत्यात घालतो," साडू खो खो हसला आणि रंगाऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "साडूभाऊ, पुढच्या वर्षीही लक्ष असू द्या बरं का!"

रंगाऱ्याने रिकामी पिशवी काखेत मारली आणि घरची वाट धरली.

घरी बायको वाटच बघत होती. "मग? उतरलं का तोंड?"

"कसलं उतरतंय! हसला." रंगारी भिंतीला टेकून बसला. "लेकाचा घेतोसुद्धा कसा बघ. मान खाली नाही की काही नाही. इतकी वर्षं घेतोय मी, मला एकदाही तसं जमलं नाही."

बायकोने ताट पुढे सरकवलं. "जेवा आता. रविवारचं काम परत धरा. आणि या खेपेला दुकानात मी येणार, माप मी सांगणार."