नावं नसलेली वही

माझ्या मावशीच्या मापांच्या वहीत एकाही गिऱ्हाइकाचं नाव नाही. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेली एक खूण असते, तेवढीच. कुणाची छत्री, कुणाचा पतंग, कुणाची नुसती तीन टिंबं. खाली छाती, कंबर, मुंढा, बाही यांचे आकडे आणि आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात मावशीची टिपणं. 'डावी बाही पाव इंच लांब.' 'घेर वाढवायचा, पण बोलायचं नाही.' लहानपणी मी तिला विचारलं होतं, नावं का लिहीत नाहीस गं? दातांत धरलेल्या टाचण्यांमधूनच ती म्हणाली, "वही हरवली तर माझं नुकसान होऊ दे. लोकांचं कशाला?"

वही कधी हरवली नाही. मी ती वाचली. वाचून जे केलं ते सांगताना माझे कान अजून तापतात. पण मावशीबद्दल लिहायचं आणि नेमकं तेवढं गाळायचं, हा आणखी एक लबाडपणा होईल, आणि एवढा लबाडपणा मला पुरे झाला.

मावशीचं दुकान म्हणजे कुलपं दुरुस्त करणारा आणि इस्त्रीवाला यांच्या मधली एका दाराची खोली. पायाची शिलाई मशीन, कापायचं टेबल, पडद्याआड उभा आरसा. एकतीस वर्षं ती तिथेच बसते आहे. रस्त्यानं चालताना माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत, खांदे राहतात. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की म्हणते, माप जुळलं नाही. मला ती 'शहाणे' म्हणते. पूर्वी लाडानं म्हणायची.

मी सकाळी कुरियरच्या ऑफिसात पावत्या फाडायचे आणि दुपारी मावशीकडे बटणं लावायला यायचे. तीन वर्षांपूर्वी मला ब्लॉग लिहायची हुक्की आली. शिवणकामाचा ब्लॉग. काज कसं करावं, मुंढ्याला चुण्या का पडतात, असलं काहीबाही. ब्लॉगवर जाहिराती लावल्या की पैसे मिळतात असं मी वाचलं होतं. ते खरंच आहे, पण त्यासाठी आधी वाचणारे लागतात, आणि माझ्याकडे वाचणारे किती, तर अकरा. त्यातला एक माझा भाऊ, आणि तो तरी वाचायचा की नाही देव जाणे.

वाचक वाढवायचे म्हणून मी ब्लॉगच्या पत्त्याच्या पाचशे चिठ्ठ्या छापून आणल्या. मावशीला म्हणाले, शिवून झालेला कपडा पिशवीत घालतेस ना, वर एक चिठ्ठी ठेवत जा. मावशीला मोबाईलवरचं बारीक वाचता येत नाही. माझा ब्लॉग तिनं कधी वाचला नव्हता. पण चिठ्ठ्यांचं तिला भारी कौतुक. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात तिनं त्या नीट लावून ठेवल्या आणि प्रत्येक पिशवी देताना सांगायला लागली, "माझी भाची लिहिते. वाचा हं."

वाचक अकराचे तीस झाले. मी वैतागले. इतरांचे ब्लॉग बघितले तेव्हा कळलं की लोकांना काज नको असतं, माणूस हवा असतो. शीर्षकात 'गुपित' हा शब्द असला की लोक थांबतात. आणि गुपितांची वही तर माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर पडलेली.

पहिल्यांदा मी पतंगाची खूण असलेल्या पानावर लिहिलं. टिपण होतं, 'उजवा खांदा पाऊण इंच खाली. आतून घडी. कळू द्यायचं नाही.' मी त्या गिऱ्हाइकाचं नाव ठेवलं पतंगबाई. खांद्यात कापडाची जादा घडी घेऊन ही बाई गावभर ताठ मानेनं मिरवते आणि स्वतःला सरळ समजते, असं खुसखुशीत लिहून काढलं. लोक हसले. एकानं तर लिहिलं, पतंगबाईंना वारा लागू देऊ नका. मीही हसले, आणि त्याला हसऱ्या तोंडाचं चिन्ह पाठवलं. नाव कुठे दिलंय, असं मी मनाला सांगितलं. मुळात नाव मलाच माहीत नव्हतं.

मग डोक्यात हवा गेली. दर आठवड्याला एक पान. वाचक पाचशे, हजार. आणि एक दिवस मी गाण्याच्या बाईंवर लिहिलं.

गाण्याच्या बाई म्हणजे घरी गाणं शिकवणाऱ्या, साठीच्या, उंच. चार वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं आणि डावीकडची छाती काढावी लागली. हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. मावशीला सांगितलं, कारण अंगात घालायचं काहीतरी कुणीतरी शिवायला हवं होतं. मावशीनं आधी कापूस भरून बघितला. कापूस हलका, हात उचलला की वर सरकायचा. मग स्पंज बघितला, तोही तसाच. शेवटी तिनं मऊ कापडाची पुरचुंडी शिवली, त्यात बारीक बिया भरल्या, तराजूवर तोलून, आणि जाकिटाच्या अस्तरात तिच्यासाठी कप्पा केला. वजन आलं तसं ते जागच्या जागी बसलं. त्या दिवशी बाई आरशासमोर कितीतरी वेळ हात वरखाली करत उभ्या होत्या आणि मावशी पाठ करून उगाचच कात्री पुसत होती. मी हे पडद्याच्या फटीतून बघितलं. वहीतलं बियांचं वजनही वाचलं होतं.

मी मथळा दिला, 'अस्तरातली पुरचुंडी: एका शिंपिणीनं जपलेलं गुपित'. जपलेलं, म्हणे. नाव नाही, गाव नाही. पण मजकूर कोरडा वाटला म्हणून शेवटी एक वाक्य घातलं, की शिकवताना वरचा सूर लावला की तिचा डावा हात आपोआप छातीशी जातो. लोकांना तेच वाक्य सगळ्यांत आवडलं. बायका रडल्या, तसं त्यांनी लिहून कळवलं. चार दिवसांत वीस हजार लोकांनी ते वाचलं आणि जाहिरातींचे पहिले पैसे माझ्या खात्यात आले. त्यातून मी मावशीच्या मशीनला वाकवता येणारा पांढरा दिवा घेतला. मावशी येईल त्याला दिवा लावून दाखवायची. मीही भाव खाऊन घेतला.

चिठ्ठ्या मी केव्हाच विसरले होते. आता वाचक कुठूनही येत होते, चिठ्ठ्यांची गरजच उरली नव्हती. पण मावशी विसरली नव्हती. एकदा अंगावर घेतलेलं काम ती मध्येच सोडत नाही.

एका मंगळवारी दुपारी बाई आल्या. त्यांच्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम आठ दिवसांवर होता, त्यासाठीचं नवं जाकीट मशीनवर अर्धं शिवलेलं होतं. मला वाटलं, माप बघायला आल्या. मावशी म्हणाली, "बाई, हा दिवा बघितलात का? भाचीच्या कमाईचा."

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "ताई, ही तुम्ही मागच्या खेपेला पिशवीत टाकली होतीत."

"वाचलंत?" मावशीचा चेहरा असा फुलला की मला ते आठवलं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

"वाचलं. त्याआधी माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईनं वाचलं. ताईंच्या भाचीचं आहे, कौतुक करा, म्हणून पत्ता मीच दिला होता त्यांना." बाई अगदी हळू बोलत होत्या. "काल मी वरचा सूर लावला, तर समोरच्या सगळ्या मुली माझ्या हाताकडे बघत होत्या."

मावशीला काहीच कळेना. तिनं माझ्याकडे बघितलं, "कशाबद्दल लिहिलंयस गं?" मी हातातल्या बटणाकडे बघत राहिले.

बाई म्हणाल्या, "चार वर्षांत मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. ताई, तुम्ही बोललात कुणाकडे?"

मावशीची नजर माझ्यावरून वहीवर गेली आणि पुन्हा माझ्यावर आली. कुठली शिवण कुठे उसवली हे तिला कधी दोनदा बघावं लागत नाही. मला बोलायचे होते तीनच शब्द. वही मी वाचली. ते तीन शब्द माझ्या तोंडातून फुटले नाहीत. मूग गिळून बसले. बाई आता निघून जातील, मग मावशीला सांगू, मावशी काय घरचीच, असा हिशोब मी त्या वेळी मनात केला. हो, केला.

"माझ्याच दुकानातून गेलंय, बाई," मावशी म्हणाली. "दुसरीकडून कुठून जाणार?"

बाईंनी हात पुढे केला. "माझं पान द्या."

मावशीनं पट्टी लावून वहीतलं पान सरळ फाडलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिलं. जाकिटाचं काय, असं विचारायला तिनं तोंड उघडलं तेवढ्यात बाई म्हणाल्या, "राहू द्या आता," आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मावशीनं दिवा बंद केला. "वाच," म्हणाली.

मी वाचलं. ते हात छातीशी नेण्याचं वाक्य गिळायला बघितलं तर ती म्हणाली, "मध्ये काहीतरी सोडलंस." मग तेही वाचलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "चांगलं लिहितेस." तिनं मुस्काटात मारली असती तर मी सुटले असते. मग म्हणाली, बाकीचंही वाच. मी एकेक वाचत गेले. पतंगबाईंचं तिनं दोनदा वाचायला लावलं. लोक काय म्हणाले तेही विचारलं. मी वाऱ्याचं सांगितलं. ती अर्ध्या जाकिटाची बाही जोडायला बसली, तीही दिवा न लावता. तिच्यादेखत मी सगळं पुसून टाकलं. पण बाईंवरचं लोकांनी तोवर चार ठिकाणी उचलून लावलं होतं, तिथे माझा काय हात पोचणार?

माप गेलं होतं, तरी तीन दिवसांत मावशीनं जाकीट पुरं केलं. आकडे तिच्या बोटांतच होते. घडी घालून पिशवीत ठेवताना तिचा हात सवयीनं बिस्किटांच्या डब्याकडे गेला आणि अर्ध्यावरून मागे आला. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी देऊन येते," मी म्हणाले. ती म्हणाली, "जा."

बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. आतून मुलींचा गाण्याचा आवाज येत होता. दार त्यांनीच उघडलं, पण मला आत घेतलं नाही. मी घोकून आलेलं एका दमात म्हणून टाकलं, की मावशीनं कुणाला काही सांगितलं नव्हतं, वही मी चोरून वाचली, पडद्याआडून मी बघितलं, लिहिलंही मीच.

"ताई काहीच बोलल्या नव्हत्या?"

"नाही. तिला माहीतही नव्हतं."

"त्या दिवशी तू तिथेच बसली होतीस ना? तेव्हा का नाही बोललीस?"

दुसरी कुणी असती तर रडली तरी असती. मला रडूही येईना, नुसती लाज वाटत होती, नखांपर्यंत.

बाईंनी पिशवी घेतली. वरूनच हात लावून अस्तरातलं वजन चाचपलं. "ताईंना सांग, मी येईन त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या. "तू नसशील तेव्हा. कुठल्या वेळी नसतेस, ते तेवढं त्यांना कळवायला सांग."

मी परत येऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. मावशीनं मोठा श्वास सोडला, पाणी प्यायली. म्हणाली, "मग दुपारची येत जाऊ नकोस. बटणं मी लावेन."

मी चपला घालत होते तेव्हा तिनं मागून थांबवलं. वही उघडली, पट्टी लावली आणि आणखी एक पान फाडून माझ्या हातात दिलं. कोपऱ्यात पतंग होता. मी लिहिलं तेव्हा वरचंच पान वाचलं होतं, त्याच्या खाली टाचलेली जुनी पानं उलटायचे कष्ट घेतले नव्हते. आता उलटली. छाती तीस. सव्वीस. चोवीस. सगळ्यांत खालच्या पिवळ्या पानावर, छाती बावीस, आणि पेन्सिलीनं, 'शाळेचा पहिला गणवेश'.

"सात वर्षांची होतीस," मावशी म्हणाली. "तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. कशाला पोरीच्या डोक्यात भरवायचं, म्हटलं."

मी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पर्स उजव्या खांद्याला लावली. ती घसरली. ती नेहमीच घसरते, आणि आजवर मी पट्ट्याला दोष देत आले होते. डाव्या खांद्याला लावून मी पायऱ्या उतरले.