फणीतली पिवळी टोकं

गोरेगावच्या अलीकडे, धानाच्या शेतांमध्ये बस बंद पडली आणि कंडक्टर दर दहा मिनिटांनी "झालंच" म्हणत राहिला. वैतागून मी रस्त्याकाठच्या एका घराच्या छपरीत जाऊन बसले. तिथे एक म्हातारा विणकर हातमागावर वाकून सूत जोडत होता. बोटं राखेत बुडवायची, नव्या धाग्याचं टोक मागाच्या फणीतून लोंबणाऱ्या जुन्या टोकाला लावायचं, पीळ द्यायचा आणि पुढचा धागा घ्यायचा. असे हजारभर तरी धागे असतील. नवं सूत पांढरं होतं, जुनी टोकं हळदीसारखी पिवळी.

"किती दिवस बंद होता माग, बाबाजी?"

"सात साल. बायको गेली, मंग मन नाई लागला. हा पिवळा सूत बायकोच रंगवे. शेवटचा लुगडा कापून उतरवलो, पर टोकं फणीतून काढाची हिंमत नाई झाली."

"मग आता कसा सुरू केलात?"

त्यानं पुन्हा राखेत बोटं घातली. "परवा झाडता झाडता टोकांले हात लागला. ओढून पाह्यलो, तं पक्के होते."

सात वर्षं माग रिकामा पडला होता असं मी समजत होते. तो तर ओवलेलाच होता.

आता त्या जुन्या टोकांमुळे सुरुवातीची वीतभर पट्टी पिवळी निघणार होती. "ती कापून टाकाल ना?" मी विचारलं.

"बजारात न्याचा असला तं कापाच लागते."

दोन धागे जोडून झाल्यावर तो म्हणाला, "हा नाई नेत."