देवरामभाऊ वस्तऱ्याला धार लावतात

खर्डीच्या देवरामभाऊंनी एकतीस वर्षं संशय घेण्याचा पगार खाल्ला. धरणाच्या फाटकावर वॉचमन होते. आत जाणाऱ्याला "कुठं?" आणि बाहेर येणाऱ्याला "काय नेतोस?" एवढं विचारायचं, की ड्युटी झाली. निवृत्तीनंतर पगाराची पेन्शन झाली, संशय मात्र पूर्ण पगारीच राहिला. दूधवाला हसला तरी ते पातेल्यात वाकून बघायचे. त्यांची बायको शकू म्हणायची, "यांना सरगात नेलं तर दारावरच्यालाच ओळखपत्र मागतील."

अशा माणसानं उभ्या आयुष्यात एकाच माणसाच्या हातात मान दिली होती. तो म्हणजे स्टेशन रोडवरच्या दोन खुर्च्यांच्या सलूनचा मालक जगन. दर रविवारी दाढी, दाढीनंतर दोघांचा चहा. पण गेल्या दिवाळीनंतर भाऊंना वाटायला लागलं, की जगन गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड लावत नाही. तोंडानं विचारायचे नाहीत. चहा पिता पिता कचऱ्याच्या डब्यात डोकवायचे. तिसऱ्या रविवारी जगननं डबाच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"नीट बघ. हात घालू नको, कापंल."

मग खणातून एक जुना वस्तरा, धारेचा दगड आणि चामड्याचा पट्टा काढला. "घरीच करत जा दाढी, देवा. तुझ्या जिवाला शांती, माझ्याही."

अर्धा तास बसवून त्यानं शिकवलं. दगडावर वस्तरा आडवा टेकवायचा, धार पुढं ठेवून सरकवायचा. पट्ट्यावर मात्र उलट. पाठ पुढं, धार मागं. वापरून झाला की कोरडा पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, नाहीतर आपल्याकडच्या पावसात आठ दिवसांत गंज धरतो.

भाऊंनी सगळं ऐकलं आणि घरी येईपर्यंत विचार केला. दगडावर एक सांगतो, पट्ट्यावर बरोब्बर उलटं? कुठला कारागीर आपला धंदा असा फुकट शिकवतो? एक खुबी मागं ठेवलीच असणार. मोबाइलवर व्हिडिओ बघितला. त्यातला माणूसही तेच सांगत होता. "हा पण यांच्यातलाच," म्हणून भाऊंनी व्हिडिओ बंद केला आणि पट्ट्यावरही धार पुढं ठेवूनच वस्तरा ओढायला सुरुवात केली.

दगडावर लागलेली धार पट्ट्यावर मरायची. दाढी व्हायची ती उपटल्यासारखी. गालावर कापसाचे चार बोळे चिकटवून भाऊ ओटीवर बसायचे आणि चोर शोधायचे.

"शकू, या वस्तऱ्यानं तू काय चिरतेस गो?"

"मला इळी हाय. तुमचा वस्तरा तुमचा तुमाला लखलाभ."

भाऊंनी वस्तरा पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं, कुलपाला दोरा बांधला. सकाळी दोरा जागच्या जागी आणि वस्तरा तसाच बोथट. म्हणजे घरातलं कोणी नाही. राहिला कोण? जगन! त्याच दिवशी रिक्षा स्टँडवर ते मोठ्यानं बोलून बसले, "जगननं मला बोगस वस्तरा चिकटवला."

स्टँड ते सलून अंतर पन्नास पावलं. दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानावरून गेले तेव्हा जगननं त्यांच्याकडं पाठ केली आणि आरसा पुसत बसला. पुढचे दोन रविवार भाऊंनी घरी चहा घेतला. चहात काही कमी आहे म्हणून साखरेच्या डब्याचा वास घेतला, चहापत्ती बदलली. शेवटी शकूनं दगड, पट्टा, वस्तरा फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिला.

"जा, देऊन या त्याचं त्याला. तीस वरसं ज्याच्या हाती गळा दिलात त्यानं गळा नाय कापला, आन आता पट्टा देऊन फसवंल?"

सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. जगननं फडकं हातात घेतलं. त्यानं गाठ सोडली, पट्टा उजेडात धरला. चामड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या चिरा.

"याच्यावर कोथमीर चिरलीस का रे?"

भाऊंनी चिरा बघितल्या. फाटकावर एकतीस वर्षांत कधी हाती लागला नव्हता, एवढा पुरावा समोर लोंबत होता. बोट दाखवायला आता दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"तू सांगितलंस त्याच्या उलटं केलं," ते हळूच म्हणाले.

"का?"

"वाटलं, तू खरं नाय सांगितलंस."

"आन खरं सांगितलं असंल तर?"

"तेवढा विचार नाय केला."

जगननं दुसरा पट्टा खुंटीला अडकवला. "ओढ. माझ्यासमोर. पाठ पुढं." भाऊंनी आधी दगडावर, मग पट्ट्यावर वस्तरा फिरवला, जीभ दातात, घाम मानेवर. जगननं वस्तरा स्वतःच्या मनगटावरच्या केसांना टेकवून पाहिला. केस अलगद उतरले.

"लागली रे धार," भाऊ चकित होऊन म्हणाले. "आता स्टँडवर जाऊन सांगतो, चूक माझी."

"ते सांगशीलच. आधी हे कर."

जगननं वस्तरा स्पिरिटमध्ये बुडवून पुसला, त्यांच्या हातात दिला आणि स्वतःच खुर्चीत बसला. तोंडाला फेस लावला, मान मागं टाकली.

भाऊंनी वस्तऱ्याकडं बघितलं, मग जगनच्या गळ्याकडं. "माझ्यावर एवढा भरवसा?"

"भरवसा कुटं?" जगन फेसातून म्हणाला. त्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते आणि आरशात भाऊंच्या बोटांवर खिळले होते. "तू कर सावकाश. मी बघतोय."

भाऊंना एकदम हायसं वाटलं. असं कोणी डोळ्यांत तेल घालून बघत असलं, की काम कसं नीट होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी जगनच्या गालाची कातडी ताणली आणि पहिला हात फिरवला.