लेकरू कोणी पाहायचं

तानुबाई माझ्या वडिलांची आई. मी तिला पाहिलेलं नाही. हे सगळं मला तिच्या लेकीने, म्हणजे कोकिळाआत्याने, सत्तरी उलटल्यावर सांगितलं. गावही तिच्याबद्दल एक गोष्ट सांगतं, पण ती मी जमेस धरत नाही. गावाचं तोंड कोण धरणार!

आमचं गाव दुसरबीडच्या अलीकडे. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले. त्या वर्षी गावात शाळा निघाली. तानुबाईचा थोरला मुलगा शालिग्राम शाळेत जाणार हे ठरलेलंच होतं. आठ वर्षांची कोकिळा मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती, कारण दीड वर्षाचा धाकटा भाऊ तुळशीराम दिवसभर तिच्याच कडेवर असे. तानुबाईने हट्ट धरला की पोरगीही जाईल. तिची स्वतःची कंबर एका अंगाला कलली होती. माहेरी पाठची चार भावंडं तिने त्याच कडेवर वागवली होती, आणि त्या कंबरेचा तिला मनापासून राग होता. उत्तमरावांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एवढंच विचारलं, "मंग पोट्ट्याले कोण पाहीन?"

"मी पाहीन," ती म्हणाली.

बोलून तर बसली. दोन्ही पोरं पाटी घेऊन गेली की घर एकदम मोठं वाटायचं. तुळशीराम नुकता चालायला लागला होता. क्षणभर नजर हटली की तो चुलीशी, नाहीतर बैलाच्या पायात. एकदा तो राख खाताना सापडला, एकदा आडाच्या काठावर. मग ती जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला बांधून दुसरं टोक बाजेच्या पायाला गाठवू लागली. बांधलेलं पोर रडे, सोडलेलं पोर पळे. शाळेची घंटा ऐकली की तो दाराकडे हात करून "कोकी, कोकी" म्हणे. त्याला एवढा एकच शब्द येत होता, आणि तो आईचा नव्हता. तानुबाईला याचं वाईट वाटे आणि वाईट वाटण्याचा रागही येई. कधी ती त्याला फटका देई, मग दोघंही रडत बसत.

पावसाळा असा निभला. कार्तिकात कापूस फुटला आणि वेचणीला घरातले सगळे हात लागू लागले. पोराला शेतात नेलं तर उन्हात, काट्यात ठेवायचं कुठे? उत्तमराव म्हणाले, पोरीची शाळा बंद करा. तेव्हा सासू रुक्मिणीबाईंनी वाट काढली. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नसे, पण या कामाला डोळे लागत नाहीत, असं त्या म्हणत. सरकारी ठेक्याच्या दुकानातून अफू आणायची, तिची बारीक गोळी करून सकाळी पोराला द्यायची, झोळीत टाकायचं आणि कामाला लागायचं. पोर सांजेपर्यंत हलत नाही. त्यात त्या वाईट काही सांगत नव्हत्या. आमच्याकडे घरोघर हेच चाले. उत्तमरावही गोळीवरच वाढलेले होते. आज नाकं मुरडणाऱ्यांच्या आज्याही हेच करत होत्या, हे मी ठणकावून सांगते.

तानुबाईने दिली. पहिल्या दिवशी तिचं कामात लक्ष नव्हतं, वेचलेल्या कापसात पाला येत होता. मग सवय झाली. कोकिळा रोज बघे, आई बोटावर गोळी घेते, पोराच्या तोंडात घालते, वर दूध पाजते.

एका दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत कोकिळा भाकर खायला घरी आली. तुळशीराम झोळीत अर्धवट जागा होऊन किरकिरत होता. अंगणातून आजी म्हणाली, आता शाळेत जाऊ नको, याच्याजवळ बस. त्या दुपारी मास्तर पहिल्यांदा कोकिळेला सगळ्यांसमोर धडा वाचायला लावणार होते. तिने फडताळातली अफूची डबी काढली. गोळी आईसारखीच बारीक केली, दूध पाजलं, झोळीला झोका दिला. पोर गप्प झालं. आजीला वाटलं, पुन्हा झोप लागली. कोकिळा पळत शाळेत गेली आणि तिने धडा न अडखळता वाचला.

सांजेला तानुबाई आली तेव्हा पोराचे ओठ काळे पडले होते. कांदा हुंगवला, तळवे चोळले, पाणी मारलं. दवाखाना देऊळगाव राजाला. उत्तमराव गाडी जुंपत होते तेवढ्यात सगळं संपलं.

रडारड चालू असताना कोकिळा आईला बिलगली. "आई, तो रडे," ती कानाशी म्हणाली. "मी तुह्यावाणीच गोळी देली त्याले."

तानुबाईने तिच्या तोंडावर हात दाबला. "तो झोपेल होता," ती म्हणाली. "तू काही देलं नाही. कोणालेच सांगजो नको."

मग ती उठली आणि नवऱ्याला म्हणाली की सकाळी विसरून तिनेच दोनदा गोळी दिली. उत्तमरावांनी तिला पोराच्या कलेवरासमोर मारलं. त्या दिवसापासून ती गावाची पोरखाई झाली. सुवासिनी तिच्या हातचं हळदीकुंकू घेईनात, बाळंतिणीच्या घरी तिला कुणी बोलवेना. तिने कधी तोंड उघडलं नाही. सुतक फिटलं त्याच दिवशी कोकिळेला हाताला धरून शाळेत पोचवलं. पोरगी जायला तयार नव्हती. तानुबाई तिला फरफटत घेऊन गेली.

दोन वर्षांनी माझे वडील झाले, वामन. बाराव्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. उत्तमरावांनी पोराला तानुबाईच्या मांडीवरून उचललं.

"लेकरू इच्या हाती ठेवाचं नाही," ते म्हणाले. "पाजाचं तेवढं पाजू द्या. बाकी कोकिळा सांभाळन. उद्यापासून शाळा बंद."

बायकांनी माना डोलावल्या. त्यांना ते शहाणपणाचं वाटलं. कोकिळा भिंतीला टेकून उभी होती. तिने आईकडे पाहिलं. तुळशीरामाला ती गोळी कोणी दिली हे एका वाक्यात सांगितलं असतं तर शाळा वाचली असती, आणि ते वाक्य दोघींनाच माहीत होतं.

तानुबाईने मान खाली घातली. उत्तमरावांनी पोर कोकिळेच्या हातात दिलं.